दीपनगरच्या निवृत्तांचा हिशेब

भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत किंवा तिच्या भोवतीच्या फेकरी, निंभोरा, वरणगाव या गावांत एखादा निवृत्त वीज कामगार निवर्ततो, तेव्हा जिल्ह्याच्या वृत्तपत्रात चार ओळींचा मजकूर छापून येतो. वय, मागे असलेला परिवार, अंत्ययात्रेची वेळ आणि 'मनमिळाऊ', 'कुटुंबवत्सल' ही दोन विशेषणे, एवढाच तो मजकूर. 'औष्णिक विद्युत केंद्राचे निवृत्त कर्मचारी' हे शब्द असतात. पण तो माणूस बॉयलरवर होता की कोळशावर, त्याने किती रात्री जागून काढल्या, त्याच्या हाताखालून काय गेले, याचा मागमूस नसतो. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी त्याला घरातच पाहिलेले असते. मात्र ज्या पक्षांनी आणि संघटनांनी त्याला फाटकाबाहेर सभेत पाहिले, वर्गणीच्या पावतीवर पाहिले, संपाच्या दिवसात पाहिले, त्यांनीही चार ओळींवरच समाधान मानावे, हे खटकते.

दीपनगरचा पहिला, सुमारे ६० मेगावॅटचा संच १९६८ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॅटचा दुसरा संच १९७९ मध्ये आणि तेवढ्याच ताकदीचा तिसरा १९८२ मध्ये चालू झाला. या तीन संचांवर ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली ती पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिच्यातील कित्येकजण काळाच्या पडद्याआड गेले आहेत. रेल्वेच्या, सूतगिरणीच्या वा शेतीच्या घरांतून आलेली ही माणसे. त्यांच्या कामाचे स्वरूप बाहेरच्या जगाला कधी नीट कळलेच नाही. धुराडे सर्वांना दिसते, दिवा सर्वांना दिसतो. या दोहोंमधले काहीच दिसत नाही.

या दोहोंमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की ताशी सुमारे सव्वाशे ते दीडशे टन कोळसा गिळतो. हा कोळसा विदर्भाच्या खाणींतून वाघिणींनी येतो. वाघीण उलटी करून तो खाली पाडायचा, फोडायचा, पट्ट्यावरून वर चढवायचा, चक्कीत दळून पिठासारखा बारीक करायचा आणि वाऱ्याच्या झोताबरोबर भट्टीत सोडायचा. पावसाळ्यात ओला कोळसा नळकांड्यात चिकटून बसतो. मग पहारी घेऊन माणसे त्याला ढोसत उभी राहतात. उन्हाळ्यात साठ्यातला कोळसा आपोआप धुमसू लागतो. तो विझवायलाही माणसेच लागतात. भट्टीभोवतीच्या नळ्यांतून पाण्याची वाफ होते, ती ५४० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि मिनिटाला ३,००० फेरे घेणारे चक्र फिरविते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक. ती राख धुरातून वेगळी करायची, पाण्यात कालवून तळ्याकडे लोटायची. पाणी तापीचे, हतनूर धरणातले.

यातली एखादी नळी फुटली की संच बंद पडतो. बंद संचाचा प्रत्येक तास म्हणजे लाखो युनिटांतील खोट. त्यामुळे भट्टी पुरती निवण्याची वाट पाहायला कोणी तयार नसते. जोडारी, जोडकाम करणारे वेल्डर आणि त्यांचे मदतनीस आत उतरतात; बाहेर मे महिन्याचा भुसावळचा पारा ४५ अंशांवर असतो आणि आत त्याहून कितीतरी अधिक. फुटलेली नळी कापून नवी बसवायची, जोड तपासायचा, बाहेर येऊन माठातले पाणी डोक्यावर ओतायचे. दुसऱ्या दिवशी रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पंप चालू झाला, त्याला हे कारण होते. केळीबागाईतदाराला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात माती, पाणी आणि शेतकऱ्याची मेहनत यांचा गौरव झाला आणि तो रास्तच होता. विहिरीतले पाणी वर कोणी आणले हा प्रश्न मानांकनात बसत नाही.

पाळीचे काम माणसाचे घर आपल्या चाकाला बांधून घेते. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. हा फेरा तीस-पस्तीस वर्षे चालला. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असतो, म्हणून दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मुलांनी कुजबुजत खेळायचे, कुकरची शिटी होण्यापूर्वीच तो उतरवायचा, दाराची कडी हलक्या हाताने लावायची. गणपतीत, दिवाळीत, घरच्या लग्नकार्यात तो असेलच याची खात्री नाही. दिवाळीत तर राज्यभर दिवे लागायचे म्हणून त्याची पाळी हमखास. अशा घराचे सारे तोल बाईने सांभाळले. कामगार चळवळीने पतीच्या आठ तासांचा हिशेब मागितला. पत्नीच्या सोळा तासांचा हिशेब तिच्या मागणीपत्रकात कधी आला नाही, हे समाजवादी म्हणविणाऱ्यांनी तरी मान्य केले पाहिजे. रात्रपाळीचा भत्ता ठरला, तो पुरुषाच्या नावावर. रात्रभर एकटीने आजारी मूल सांभाळणारी स्त्री ही त्या वीजनिर्मितीचाच एक भाग होती.

शरीराचा हिशेब वेगळाच. टर्बाइनच्या मजल्यावर शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. वर्षानुवर्षे हे चालले की कान जातात. निवृत्त माणूस घरात दूरदर्शनचा आवाज मोठा ठेवतो, सून वैतागते, नातवंडे हसतात, आणि आजोबा 'म्हातारपणामुळे' बहिरे झाले असे सगळे समजतात. आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत झाला होता. अशा रोगाची नोंद झाली की भरपाईचा रस्ता खुला होतो. पण निवृत्तीनंतर हा रोग कोण कोणाला कळविणार? तो उत्पादनाचा खर्च होता. कुटुंबाने तो म्हातारपणाच्या खात्यावर टाकला.

आता निवृत्तीकडे येऊ. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार, श्रीफळ, शाल आणि साहेबांचे भाषण होते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत क्वार्टर रिकामे करावे लागते. ज्या मुलांचा जन्म दीपनगरात झाला, ज्यांची शाळा तिथली, ज्यांचे मित्र तिथले, त्यांचे गाव एका दिवसात सरकारी मालमत्ता होऊन बसते. हातात भविष्य निर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम येते. आयुष्यात प्रथमच पाहिलेली ही मोठी रक्कम किती दिवस टिकते? भुसावळच्या एखाद्या नव्या वस्तीत प्लॉट आणि त्यावर दोन खोल्या, मुलीचे लग्न, आधीचे सोसायटीचे कर्ज आणि मुलाचे शिक्षण. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पेव फुटले. कामगाराच्या पोरालाही अभियंता होता येईल असे त्या वेळी सांगितले गेले. बापाचा फंड मोडल्यावर होता येईल, हे सांगितले गेले नाही.

वृत्तपत्रातल्या त्या 'कुटुंबवत्सल' या विशेषणाचा अर्थ येथे उलगडतो. त्या माणसाचे घरावर प्रेम होते यात शंका घेण्याचे कारण नाही. पण आपली सारी पुंजी मुलांच्या पायावर ओतून तो मोकळा झाला, याला केवळ वात्सल्य म्हणणे अर्धवट आहे. त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती. समाजाने त्याच्या म्हातारपणाची व्यवस्था केली नाही, म्हणून मुलगा हीच त्याची पेन्शन ठरली. आणि त्या पेन्शनीचे हप्ते त्याने आगाऊ भरले. मुलगा कमावता झाला तर म्हातारपण बरे गेले. पुण्यात कंत्राटावर राबणारा मुलगा स्वतःच भाड्याच्या खोलीत अडकला असेल, तर बापाने औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून घ्यायच्या. गुणवर्णन म्हणून छापला जाणारा शब्द असा एका सामाजिक अन्यायावरचे पांघरूण होऊन बसतो.

या अन्यायाचे मोजमाप करायला भुसावळ तालुक्यासारखी दुसरी जागा नाही. काही कोसांच्या परिघात तेथे तीन तऱ्हांचे कामगार राहतात. मध्य रेल्वेचे भुसावळ हे विभागीय ठाणे. १९७४ च्या मे महिन्यातील वीस दिवसांचा रेल्वे संप ज्यांनी पाहिला ती मंडळी तेथे अजून आहेत. दुसरे, संरक्षण खात्याचे आयुध कारखाने: भुसावळचा १९४९ चा आणि वरणगावचा १९६४ चा. आणि तिसरे दीपनगर. रेल्वेचा व आयुध कारखान्याचा जुना कामगार हा केंद्र सरकारचा नोकर. १ जानेवारी २००४ पूर्वी सेवेत आलेल्यास शेवटच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत पेन्शन, तिच्यावर महागाईची भर, आणि तो गेल्यावर पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन. दीपनगरचा कामगार वीज मंडळाचा. मंडळ राज्य सरकारचे, पण त्याचा कामगार सरकारी नोकर नाही. त्याच्या वाट्याला भविष्य निर्वाह निधी आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. एकाच पानाच्या टपरीवर बसणारे हे तीन म्हातारे. एकाची पेन्शन सहा महिन्यांनी वाढते, दुसऱ्याची वाढते, तिसऱ्याची मरेपर्यंत जिथल्या तिथे राहते.

ती किती, हे आकड्यांत पाहावे. या योजनेचे सूत्र असे की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तराने भागायचे. पगार प्रत्यक्षात कितीही असो, त्याची मर्यादा जून २००१ पासून दरमहा ६,५०० रुपये धरली जात असे. २००५ मध्ये निवृत्त झालेल्या कामगाराच्या १९९५ नंतरच्या दहा वर्षांचे ६,५०० गुणिले १० भागिले ७० या हिशेबाने होतात ९२९ रुपये. त्याआधीच्या सेवेबद्दल योजनेने वेगळी, ठरावीक आणि त्याहूनही किरकोळ रक्कम ठेवली. ती मिळविली तरी बेरीज दीड हजारापर्यंत पोचत नाही. तीस वर्षांच्या नोकरीची ही पेन्शन. तिला महागाईशी काही देणेघेणे नाही; २००५ साली जी ठरली तीच आजन्म. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० झाली, पण ती पुढे निवृत्त होणाऱ्यांसाठी. आधीच निवृत्त झालेल्यांसाठी किमान पेन्शन १,००० रुपये ठरविण्यात आली आणि पुढील दहा वर्षांत त्या हजारात एका रुपयाची भर पडली नाही. पेन्शनर गेला की पत्नीला त्याच्या निम्मे. निम्मे हजाराच्या खाली जात असेल तर हजार. रोजचे तेहतीस रुपये.

तुलना करायची तर महाराष्ट्र शासन श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये देऊ लागले. निराधारांना मिळते ते जास्त आहे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. ते अपुरेच आहे. परंतु ज्याच्या नावे प्रत्येक महिन्याला मालकाच्या अंशदानातून ८.३३ टक्के कापून ठेवले गेले त्याच्या विधवेला निराधारापेक्षाही कमी मिळावे, ही व्यवस्था कोणत्या तर्कावर उभी आहे? जर्मनीने वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा १८८९ साली केला आणि तो बिस्मार्कने केला, जो समाजवाद्यांचा वैरी होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या कराराने तीस वर्षांच्या सेवेनंतर कमाईच्या किमान चाळीस टक्के निवृत्तिवेतन असावे असे मान ठरविले. भारताने त्या करारावर आजवर शिक्कामोर्तब केलेले नाही.

पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न लगेच विचारला जातो. त्याचे उत्तर वीज केंद्राच्याच हिशेबवहीत आहे. वीजदर ठरविताना यंत्राचा घसारा धरला जातो. कोळशावरच्या केंद्राचे आयुष्य पंचवीस वर्षांचे मानून त्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम ग्राहकाकडून वसूल करून घेतली जाते, म्हणजे जुने यंत्र मोडीत गेले तरी नव्याची तजवीज असावी. दीपनगरचा १९७९ चा संच या मानाने २००४ मध्ये थांबायला हवा होता. तो त्यानंतरही चालला. त्याच्या झिजलेल्या नळ्या ज्यांनी बदलल्या, ज्यांनी त्याची खरखर कानाने ओळखून वेळीच सूचना दिली, त्यांच्या झिजेसाठी कोणत्याही दरपत्रकात स्तंभ नाही. यंत्राची झीज हा खर्च आणि माणसाची झीज हे नशीब!

दीपनगरच्या कामगाराला देव्हाऱ्यात बसविण्याचेही कारण नाही. आसपासच्या गावांत 'मंडळाचा माणूस' हा एके काळी हेवा वाटावा असा होता. बांधावरच्या शेतमजुराला त्याच्या पगाराची, त्याच्या पक्क्या घराची, त्याच्या दवाखान्याची स्वप्नेच पडावीत. केंद्रासाठी जमिनी गेल्या त्या शेजारच्या शेतकऱ्यांच्या, आणि राखेची धूळ उडते ती त्यांच्याच पिकांवर. वेल्हाळ्याच्या राखेच्या तळ्याकडे पाहिले की कळते, या विजेची किंमत एकट्या कामगाराने मोजलेली नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात होता. त्या अंधारात या केंद्रांतून निवृत्त होऊन गावी गेलेले कामगारही बसले होते. शेतकरी आणि कामगार यांच्यातील हा दुरावा संघटनांनी कधी मनावर घेतला नाही. फाटकाच्या आतली मागणी आत राहिली, बाहेरची बाहेर.

संघटनांचा याहून मोठा दोष कंत्राटी कामगारांच्या बाबतीत. कायम कामगारांच्या जागा निवृत्तीने रिकाम्या होत गेल्या आणि त्या भरल्या गेल्या नाहीत. कोळशाचे, राखेचे, साफसफाईचे, पुढे देखभालीचेही काम ठेकेदारांकडे गेले. कायमस्वरूपी कामात कंत्राटी मजूर वापरण्यास बंदी करण्याची तरतूद १९७० च्या कायद्यात होती. तिचा वापर व्हावा म्हणून कायम कामगाराने एक दिवसाचा पगार पणाला लावला काय, हा प्रश्न अवघड आहे. निवृत्त बापाच्या जागेवर मुलगा लागला खरा, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे कंपन्यांत विभाजन झाले, दीपनगर महानिर्मितीकडे आले, नंतर ५०० मेगावॅटचे दोन संच आणि त्यापुढे ६६० मेगावॅटचा संच उभा राहिला. वीज कितीतरी पटींनी वाढली. ती निर्माण करणाऱ्यांत पेन्शनचा हक्क असलेली माणसे मात्र वाढत्या विजेच्या प्रमाणात वाढलेली नाहीत. आयुध कारखान्यांच्याही १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपन्या झाल्या. टपरीवरचे ते तीन म्हातारे एके दिवशी सारखे होतील अशी चिन्हे आहेत. दुर्दैवाने ती समता वर नेणारी नसून खाली ओढणारी आहे.

मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला. त्या वादळात वीज केंद्रांतील निवृत्तांचा आवाज ऐकू आला नाही, कारण त्यांना परत मागायला जुनी पेन्शनच नव्हती. त्याच वर्षी ४ जानेवारीला खाजगीकरणाविरुद्ध वीज कामगार संपावर गेले, तेव्हा ही सेवा किती अत्यावश्यक आहे याचे पाढे सरकारने वाचले. संपाच्या दिवशी जो अत्यावश्यक असतो तो निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अनावश्यक कसा होतो, हे सरकारला विचारण्याची ती वेळ होती.

शेजारच्या बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून या योजनेच्या पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडले. दरमहा किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पतीपत्नीस औषधोपचार, ही त्यांची मागणी. त्या मांडवात बसणारी माणसे सत्तरीची, पंचाहत्तरीची होती; एस. टी.ची, साखर कारखान्यांची, सहकारी संस्थांची, वीज मंडळाची. पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांना हा म्हाताऱ्यांचा प्रश्न वाटत असेल तर त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेतला आजचा पंचविशीतला कंत्राटी कामगारही याच योजनेचा सभासद आहे.

जळगाव जिल्ह्यातील शाखांनी करावयाची कामे मोठी नाहीत. दीपनगर, फेकरी, वरणगाव आणि भुसावळच्या वस्त्यांतून जे जुने कामगार हयात आहेत त्यांच्याकडे वही घेऊन बसावे. विभाग, वर्षे, अपघात, संप, कानाची आणि छातीची दुखणी, हे सारे त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. बायकांचे म्हणणे वेगळे लिहावे, पतीच्या समोर नव्हे. आणि जेथे कामगार निवर्तला आहे तेथे दशक्रियेनंतर पुन्हा एकदा जावे. विधवेचे नाव पेन्शनच्या कागदावर आहे किंवा नाही, जन्मतारखेत आणि नावाच्या अक्षरांत फरक पडला आहे काय, बँकेचे खाते एकटीचे आहे की संयुक्त, हे पाहावे. गरज असेल तेथे १०-ड हा अर्ज भरून द्यावा आणि दरसाल हयातीचा दाखला देण्यासाठी तिला कोण नेणार, ते त्याच दिवशी ठरवून यावे.